गाणं लागलं की स्क्रीन रीडर का अडतो? म्युझिक प्लेअरमधल्या नेहमीच्या तक्रारी आणि उपाय

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर दृष्टिहीनांना बोलून दाखवणारा प्रोग्राम. आधी लक्षणं. यातलं काही तुमच्या संगणकावर होत असेल तर पुढचं वाचा.

- गाणं सुरू होताच स्क्रीन रीडर पूर्ण गप्प होतो. गाणं थांबवल्यावर कधी परत बोलतो, कधी बोलतच नाही.
- स्क्रीन रीडर बोलतो, पण तो बोलू लागला की गाणं दबतं. किंवा गाणं कायमच खालच्या आवाजात वाजतं.
- गाणं एकाच कानात ऐकू येतं.
- बाकी सगळीकडे स्क्रीन रीडर नीट वाचतो, फक्त प्लेअरच्या खिडकीत तोंड मिटून बसतो.
- टॅब दाबत गेलं की "बटण, बटण, बटण" एवढंच ऐकू येतं.
- गाणं चालू असेपर्यंत मागे चढत्या सुरात बीप वाजत राहतात, किंवा सरकणारी वेळ अखंड वाचली जाते.
- प्लेलिस्टमध्ये गाण्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, निरर्थक अक्षरं किंवा शांतता.
- प्लेअरचा शॉर्टकट दाबला तर भलतंच काहीतरी होतं.
- ब्लूटूथ हेडफोनवर प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द कापला जातो.

मी स्वतः स्क्रीन रीडर वापरतो, आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या संगणकांवर याच तक्रारी पुन्हा पुन्हा सोडवल्या आहेत. कारणं मोजकीच आहेत आणि तीच तीच निघतात. तरीही लोक थेट विंडोज नव्याने टाकायला निघतात, किंवा "हा प्लेअर आपल्यासाठी नाहीच" म्हणून तो काढून टाकतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. बहुतेक वेळा एक कळ दाबून काम झालं असतं.

खालची माहिती मुख्यतः विंडोज आणि एनव्हीडीएबद्दल आहे, कारण हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि आपल्यातले बरेच जण तोच वापरतात. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना कळा वेगळ्या लागतील, पण तपासण्याचा क्रम तोच राहील. "एनव्हीडीए कळ" म्हणजे इन्सर्ट, किंवा तुम्ही सेटिंगमध्ये निवडली असेल तर कॅप्स लॉक.

हात लावण्याआधी आवाजाची दुसरी वाट तयार ठेवा

डोळस माणसाच्या संगणकाचा आवाज गेला तर त्याचं गाणं थांबतं. आपला आवाज गेला तर अख्खा संगणकच हातातून जातो. म्हणून आवाजाच्या कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी एक यूएसबी हेडसेट जवळ ठेवा. यूएसबी हेडसेटमध्ये त्याचं स्वतःचं साउंड कार्ड असतं. संगणकाच्या मूळ साउंड कार्डाचं काही बिनसलं तरी तो जोडला की विंडोजला आवाजाचं दुसरं साधन मिळतं आणि बहुतेक वेळा बोलणं परत येतं. ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र) असेल तर उत्तमच, त्याला आवाजाची गरज नाही.

तीन कळा पाठ असू द्या. कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबलं की एनव्हीडीए सुरू होतो. आधीच चालू असेल तर बंद होऊन नव्याने सुरू होतो. विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबलं की विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, सुरू होतो, आणि तीच जोडी परत दाबली की बंद होतो. ऑल्ट आणि एफ-४ समोरचा प्रोग्राम बंद करतं. प्लेअरने आवाज गिळला असेल तर काहीही ऐकू येत नसताना ही शेवटची जोडीच कामी येते.

पहिली तपासणी: दोष नेमका कुणाचा?

फुकट आहे, मिनिटभराची आहे, आणि ती केली नाही तर पुढचा सगळा वेळ चुकीच्या जागी शोधण्यात जातो.

प्लेअर उघडा ठेवा, एनव्हीडीए कळ आणि क्यू दाबून एनव्हीडीए बंद करा आणि नॅरेटर सुरू करा. आता प्लेअरमध्ये टॅब फिरवून पाहा.

नॅरेटर बटणांची नावं नीट वाचत असेल तर प्लेअर ठीक आहे, दोष एनव्हीडीएच्या एखाद्या सेटिंगमध्ये किंवा ॲड-ऑनमध्ये (एनव्हीडीएला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) आहे. नॅरेटरही नुसतं "बटण" म्हणत असेल तर प्लेअर बनवणाऱ्याने त्या बटणांना नावंच दिलेली नाहीत, तिथे एनव्हीडीएची सेटिंग उलथीपालथी करून काही मिळणार नाही. आणि नॅरेटरचा आवाजच येत नसेल तर प्रश्न वाचण्याचा नाहीच. आवाजाची वाट अडली आहे.

अर्थ लावताना एवढं ध्यानात घ्या: स्क्रीन रीडरला पडद्यावरचं चित्र दिसत नाही. तो प्रोग्रामला विचारतो, "फोकस कुठे आहे, ते काय आहे, त्याचं नाव काय?" विंडोजवर ही विचारपूस यूआय ऑटोमेशन किंवा त्याहून जुन्या ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी या यंत्रणेतून होते. प्रोग्रामने उत्तर दिलं नाही तर स्क्रीन रीडर कितीही चांगला असला तरी बोलणार काय?

एका कळेत सुटणाऱ्या गोष्टी

फक्त प्लेअरमध्येच एनव्हीडीए गप्प असेल तर पहिला संशय स्लीप मोडवर घ्या. एनव्हीडीए कळ, शिफ्ट आणि एस दाबलं की चालू प्रोग्रामपुरता एनव्हीडीए झोपतो: बोलत नाही आणि त्याच्या बाकी आज्ञाही ऐकत नाही. ही सोय स्वतः बोलणाऱ्या प्रोग्रामसाठी आहे, पण बोट चुकून पडलं की माणूस गोंधळतो. तीच जोडी परत दाबा.

सगळीकडेच गप्प असेल तर एनव्हीडीए कळ आणि एस. ही कळ बोलण्याची पद्धत बदलते: नेहमीसारखं बोलणं, फक्त विचारल्यावर बोलणं, पूर्ण बंद आणि नुसते बीप. यातली "विचारल्यावर बोलणं" ही पद्धत २०२४.१ या आवृत्तीत आली आणि तिने बरेच जण चकतात, कारण बाण दाबले तर शांतता आणि एनव्हीडीए कळ व टॅब दाबलं तर मात्र उत्तर मिळतं. असं अर्धवट वागणं दिसलं की हीच पद्धत लागली आहे असं समजा आणि कळ दाबत "टॉक" ऐकू येईपर्यंत फिरा.

गाणं एका कानात येत असेल तर हेडफोन फेकू नका. २०२४.२ पासून एनव्हीडीएमध्ये साउंड स्प्लिट आहे: डाव्या बाजूला एनव्हीडीए, उजव्या बाजूला बाकीचे प्रोग्राम. एनव्हीडीए कळ, ऑल्ट आणि एस दाबून ते बदलतं. मीटिंग ऐकताना फार उपयोगी, संगीत ऐकताना त्रासदायक. यात एक खोच आहे. साउंड स्प्लिट चालू असताना एनव्हीडीए मध्येच कोसळला तर प्रोग्रामचे आवाज पूर्ववत करायला तो शिल्लक राहत नाही आणि गाणं एकाच बाजूला अडकतं. अशा वेळी एनव्हीडीए परत सुरू करा आणि त्याच कळेने दोन्ही बाजूंचा आवाज दोन्ही कानांत येईल अशी पद्धत निवडा. एनव्हीडीए नुसता बंद ठेवून हे सुटत नाही.

बोलताना गाणं दबत असेल तर एनव्हीडीए कळ, शिफ्ट आणि डी. याला ऑडिओ डकिंग म्हणतात आणि त्याचे तीन प्रकार आहेत: दबवू नको, बोलताना दबव, सतत दबव. तिसरा प्रकार चुकून लागला की "माझ्या प्लेअरचा आवाजच वाढत नाही" ही तक्रार येते. प्लेअरमध्ये आवाज शंभर टक्के असतो, पण एनव्हीडीए चालू असेपर्यंत गाणं खालीच राहतं. नॅरेटरमध्येही बोलताना बाकी प्रोग्रामचा आवाज कमी करण्याचा पर्याय आहे, तोही बघून ठेवा.

मागून बीप येत असतील तर एनव्हीडीए कळ आणि यू. काही प्लेअर गाण्याची पुढे सरकणारी पट्टी प्रोग्रेस बार म्हणून कळवतात. एनव्हीडीएला वाटतं एखादी फाइल डाउनलोड होते आहे, आणि तो इमानाने प्रगती सांगत बसतो. कळ दाबत "प्रोग्रेस बार बंद" पर्यंत जा. डाउनलोडच्या वेळी ते बीप हवे असतील तर एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि पी दाबून फक्त या प्लेअरसाठी वेगळं प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, बनवा. मग प्लेअर समोर आला की बीप बंद, बाहेर पडलात की परत चालू. सरकती वेळ किंवा बदलणारा मजकूर सतत वाचला जात असेल तर एनव्हीडीए कळ आणि ५ दाबून बदलत्या मजकुराचं वाचन थांबवता येतं. ते मात्र प्लेअरपुरतंच ठेवा, नाहीतर इतर ठिकाणचे कामाचे संदेशही ऐकू येणार नाहीत.

शॉर्टकट भलतीकडे जातात तेव्हा

ब्राउझरमध्ये चालणारे आणि वेब तंत्रावर बांधलेले प्लेअर एनव्हीडीए वेबपानासारखे हाताळतो. ब्राउझ मोडमध्ये एकेक अक्षर एनव्हीडीएच्या ताब्यात असतं: के दाबलं की पुढची लिंक, बी दाबलं की पुढचं बटण, एच दाबलं की पुढचं शीर्षक. यूट्यूबवर के ही थांबवण्या-चालवण्याची कळ आहे, पण ब्राउझ मोडमध्ये ती यूट्यूबपर्यंत पोचतच नाही. एनव्हीडीए कळ आणि स्पेस दाबून फोकस मोडमध्ये जा, म्हणजे अक्षरं प्लेअरला मिळतील. गाणी शोधायला ब्राउझ मोड, वाजवायला फोकस मोड, अशी सवय लावून घ्या. एकच कळ एकदाच प्लेअरला द्यायची असेल तर एनव्हीडीए कळ आणि एफ-२ दाबा, आणि मग ती कळ.

संगणकावर बसवलेल्या प्लेअरमध्ये गोंधळ बहुधा ग्लोबल हॉटकीचा असतो, म्हणजे प्लेअर मागे असतानाही काम करणाऱ्या कळांचा. प्लेअरने कंट्रोल-ऑल्टची एखादी जोडी स्वतःकडे घेतली आणि तीच तुम्हाला स्क्रीन रीडरसाठी हवी असेल तर भांडण होणारच. फूबार २००० या प्लेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्स हे पान आहे. तिथे प्रत्येक कळेपुढे ती ग्लोबल आहे की नाही याची खूण करता येते. नको त्या खुणा काढा. कुठली कळ एनव्हीडीए घेतो हे कळत नसेल तर एनव्हीडीए कळ आणि १ दाबून इनपुट हेल्प सुरू करा आणि ती कळ दाबून ऐका. इनपुट हेल्पमध्ये काहीच घडत नाही, फक्त कळेचं काम सांगितलं जातं.

फूबार वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, कारण ही तक्रार मला वारंवार येते. एनव्हीडीएमध्ये फूबारसाठी खास कळा आहेत: कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबलं की उरलेला वेळ, त्याच जोडीत ई दाबलं की झालेला वेळ, आणि टी दाबलं की गाण्याची एकूण लांबी. एनव्हीडीए ही माहिती फूबारच्या स्टेटस बारमधून उचलतो, आणि स्टेटस बारची मांडणी मूळची असेल तरच त्याला ती सापडते. कुणी तिथे बिटरेट वगैरे घालून मांडणी बदलली की तिन्ही कळा निकामी होतात. मांडणी मूळपदावर आणा, कळा परत चालतील.

"बटण, बटण, बटण"

नॅरेटरनेही हेच म्हटलं असेल तर आधी प्लेअरची स्किन किंवा थीम काढा. सजवलेल्या स्किनमध्ये बटणं म्हणजे रंगवलेली चित्रं असतात, त्यांच्यामागे विंडोजला ओळखता येईल असं बटण अनेकदा नसतंच. व्हीएलसीमध्ये प्रेफरन्सेसच्या पहिल्याच पानावर नेटिव्ह स्टाइल आणि कस्टम स्किन असे दोन पर्याय आहेत. नेटिव्ह निवडा आणि प्लेअर बंद करून उघडा. घरात कुणीतरी "छान दिसावं" म्हणून स्किन लावलेली असते आणि आपल्याला पत्ता नसतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

स्किन काढूनही नावं येत नसतील तर बटणांचा नाद सोडा. ऑल्ट दाबून मेनू येतो का पाहा. मेनूतल्या ओळींना मजकूर असतोच आणि बहुतेक मेनू शॉर्टकटही सांगतात. विनॅम्पची मुख्य खिडकी स्किनवाली असूनही दृष्टिहीन वापरकर्ते ती वर्षानुवर्षं आनंदाने वापरत आले, कारण झेड, एक्स, सी, व्ही, बी या कीबोर्डच्या खालच्या ओळीतल्या सलग पाच कळांवर मागचं गाणं, चालू, विराम, बंद आणि पुढचं गाणं बसवलेलं आहे. चांगला प्लेअर निवडताना मी दिसण्याची चौकशी करत नाही. सगळं काम कीबोर्डने होतं का, एवढंच विचारतो.

वेब तंत्रावरच्या प्लेअरचं एक वेगळं दुखणं आहे. अशा प्रोग्रामना स्क्रीन रीडरसाठीची माहिती तयार करायला मेहनत पडते, म्हणून स्क्रीन रीडर चालू आहे असं जाणवल्यावरच ते ती तयार करतात. संगणक सुरू होताच प्लेअर आपोआप उघडत असेल आणि एनव्हीडीए त्याच्यानंतर येत असेल, तर कधीकधी प्लेअर रिकामा वाटतो. प्लेअर पूर्ण बंद करा, टास्कबारच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरूनही बाहेर पडा, आणि एनव्हीडीए चालू असताना परत उघडा.

अगदीच काही वाचलं जात नसेल तर एनव्हीडीए कळ आणि आर दाबून विंडोजचं ओसीआर चालवता येतं. पडद्यावर जे लिहिलेलं आहे ते ओळखून वाचलं जातं, आणि एंटर दाबून त्या जागी क्लिकही करता येतं. चित्ररूप बटणांवर मजकूर नसेल तर त्याचा उपयोग नाही. रोजच्या वापराला हा मार्ग नाही, एखादी अडलेली खिडकी पार करण्यापुरता आहे.

प्लेलिस्टमधली नावं

इथे लोक स्क्रीन रीडरला उगाच दोष देतात. प्लेअर नाव दाखवतो ते गाण्याच्या फाइलमधल्या टॅगवरून, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या गाण्याच्या माहितीवरून. जुना आयडी-३ टॅग, म्हणजे पहिली आवृत्ती, फाइलच्या शेवटी फक्त १२८ बाइटचा असतो आणि त्यात नावाला ३० बाइट मिळतात. तो बनला तेव्हा युरोपीय लिपींपलीकडे विचारच नव्हता. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून दहा चिन्हांत जागा संपते. प्रश्नचिन्हं आणि अर्धवट नावं येतात ती इथून. टॅग संपादकात दुसरी आवृत्ती निवडा: २.३ असेल तर यूटीएफ-१६, २.४ असेल तर यूटीएफ-८, आणि नावं परत लिहून जतन करा. आधी दोन-तीन गाण्यांवर करून ऐका, मग सगळ्या संग्रहावर. संग्रहाची एक प्रत बाजूला ठेवल्याशिवाय एकगठ्ठा टॅग बदलू नका.

नावाच्या जागी शांतता येत असेल तर कारण दुसरं आहे: निवडलेल्या इंग्रजी आवाजाला देवनागरी वाचता येत नाही. वेबपानावर भाषेची खूण असेल तर एनव्हीडीए आपोआप आवाज बदलू शकतो, पण प्लेअरच्या यादीत अशी खूण नसते. एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि एस दाबून ई-स्पीक एनजी निवडा आणि त्यात मराठी आवाज घ्या. ई-स्पीकचा आवाज कानाला रुक्ष आहे हे खरं, पण तो एनव्हीडीएसोबतच येतो, पटकन प्रतिसाद देतो आणि मराठी नावं वाचतो. प्लेअरच्या प्रोफाइलमध्येच तो लावून ठेवलात तर इतरत्र तुमचा आवडता आवाज राहतो.

गाणं लागताच आवाज पूर्ण बंद

सगळ्यात घाबरवणारी तक्रार हीच. इथे जरा सावकाश जाऊया.

आधी स्वस्तातलं. विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा असतो, आणि कुठल्या प्रोग्रामचा आवाज कुठल्या साधनातून जावा हेही तिथे ठरतं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि व्ही दाबलं की मिक्सर समोर येतो. जुन्यांत सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड या वाटेने जा. एनव्हीडीएचा आवाज शून्याजवळ नाही ना आणि तो एखाद्या बंद पडलेल्या मॉनिटरच्या स्पीकरकडे वळलेला नाही ना, हे पाहा. तिथे सगळं मूळपदावर आणणारं रीसेट बटणही आहे.

मिक्सर ठीक असेल तर खरा गुन्हेगार बहुधा एक्सक्लुझिव्ह मोड. विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र मिसळून स्पीकरकडे जातात. ध्वनीच्या शुद्धतेचा ध्यास असलेल्या प्लेअरना हे मिसळणं नको असतं, म्हणून ते साउंड कार्ड एकट्यासाठी मागून घेतात. घर भाड्याने घेतल्यासारखंच: एकाला दिलं की दुसऱ्याला दार बंद. प्लेअरकडे कार्ड आहे तोवर एनव्हीडीए, नॅरेटर, विंडोजचे सूर, कुणालाच वाट नाही.

उपाय दोन जागी आहेत. प्लेअरच्या आउटपुट सेटिंगमध्ये जा. फूबारमध्ये ते प्रेफरन्सेस, प्लेबॅक, आउटपुट इथे आहे. यादीत नावापुढे एक्सक्लुझिव्ह असं लिहिलेलं किंवा एएसआयओ (विंडोजचं आवाज मिसळणं टाळून थेट साउंड कार्डाशी बोलणारी पद्धत) असलेलं साधन निवडलेलं असेल तर त्याऐवजी साधं डिफॉल्ट साधन निवडा. गाणं बंद ठेवून हे करा, म्हणजे मध्येच आवाज जाणार नाही.

दुसरी जागा विंडोजमध्ये, आणि ती सगळ्या प्लेअरना लागू होते. विंडोज आणि आर दाबा, इंग्रजीत एम-एम-एस-वाय-एस, डॉट, सी-पी-एल टाइप करून एंटर. जुनी साउंड खिडकी उघडते. प्लेबॅकच्या यादीत तुमचं साधन निवडा, प्रॉपर्टीजमध्ये जा, कंट्रोल-टॅबने ॲडव्हान्स्ड पानावर या आणि प्रोग्रामना साधनाचा एकट्याने ताबा घेऊ देणाऱ्या चौकटीतली खूण काढा. ओके करा. यापुढे कुठलाही प्लेअर त्या मार्गाने तुमचा आवाज हिरावू शकत नाही. माझ्या मते स्क्रीन रीडर वापरणाऱ्याच्या रोजच्या साधनावर ही खूण काढलेलीच असावी. शुद्ध ध्वनी हवा असेल तर प्लेअरला वेगळं यूएसबी साधन द्या आणि एनव्हीडीए मूळ साउंड कार्डावर ठेवा. मग ताबा कुणी कसाही घेवो, भांडण होत नाही.

त्याच खिडकीत शेवटचं पान कम्युनिकेशन्सचं आहे. कॉल आला की विंडोज बाकीचे आवाज मूळ सेटिंगप्रमाणे ८० टक्क्यांनी कमी करतं. कॉलच्या वेळी गाणं अचानक बसत असेल तर "काहीही करू नको" हा पर्याय निवडा.

ब्लूटूथचं थोडक्यात. शांतता झाली की काही हेडफोन झोपतात आणि जागं होईपर्यंत पहिला शब्द निसटतो. म्हणूनच गाणं वाजत असताना ही तक्रार नसते. एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बोलणं संपल्यावर साधन किती सेकंद जागं ठेवायचं ते ठरवता येतं, तो आकडा वाढवा. आणि मायक्रोफोन वापरात येताच गाणं जुन्या टेलिफोनसारखं, एकसुरी ऐकू येत असेल तर हेडफोन हँड्स-फ्री पद्धतीत गेला आहे. मायक्रोफोन वापरणारा प्रोग्राम बंद करा, किंवा बोलण्यासाठी दुसरा मायक्रोफोन ठेवा.

इथवर येऊनही सुटलं नसेल तर

एनव्हीडीए कळ आणि क्यू दाबा, आणि यादीतून ॲड-ऑन बंद ठेवून पुन्हा सुरू करण्याचा पर्याय घ्या. तक्रार गेली तर दोषी ॲड-ऑन आहे. एकेक चालू करत शोधा. दर वर्षीच्या पहिल्या मोठ्या आवृत्तीनंतर, म्हणजे २०२४.१, २०२५.१ अशा, जुने ॲड-ऑन विसंगत ठरू शकतात. ॲड-ऑन स्टोअरमध्ये नवी आवृत्ती आली आहे का बघा.

पोर्टेबल, म्हणजे संगणकावर न बसवता चालवलेला, एनव्हीडीए वापरत असाल तर तो नीट बसवून घ्या. पोर्टेबल प्रतीला ऑडिओ डकिंग येत नाही, आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्राममध्ये तिला शिरकाव नसतो. प्लेअर कायम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडत असेल तर त्याच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी पानावरची ती खूण काढा. गाणी ऐकायला एवढे अधिकार लागत नाहीत.

शेवटी, एनव्हीडीए कळ, कंट्रोल आणि आर तीनदा भरभर दाबलं की एनव्हीडीए मूळ सेटिंगवर येतो. घाबरू नका: हे बदल तुम्ही जतन करेपर्यंत कायमचे होत नाहीत (बाहेर पडताना सेटिंग जतन करण्याचा पर्याय चालू असेल तर मात्र एनव्हीडीए बंद करतानाही ते जतन होतात), आणि तीच जोडी एकदाच दाबली की आधी जतन केलेली सेटिंग परत येते. मूळ सेटिंगवर प्लेअर चालला तर उत्तर तुमच्याच एखाद्या बदलात आहे.

दोष प्लेअरचाच ठरला तर बनवणाऱ्याला कळवा. प्लेअरची, विंडोजची आणि एनव्हीडीएची आवृत्ती, कुठल्या कळा दाबल्या, काय ऐकू यायला हवं होतं आणि काय आलं, एवढं लिहा. नॅरेटरवरही तसंच होतं हे आवर्जून लिहा, म्हणजे "तुमचा स्क्रीन रीडर बदला" असं उत्तर मिळत नाही. लॉग, म्हणजे एनव्हीडीएने ठेवलेली कामाची नोंद, पाठवताना मात्र जपा. लॉगची पातळी वाढवलेली असेल तर त्यात तुम्ही दाबलेल्या कळाही नोंदल्या जातात. त्या वेळात पासवर्ड टाइप केला असेल तर तो लॉग कुणालाही देऊ नका.

मोबाइलवर गोष्टी सोप्या आहेत. आयफोनचं व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडचं टॉकबॅक, दोन्हींत दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की गाणं थांबतं किंवा सुरू होतं. बटणाला नाव नसलं तरी अडत नाही. डकिंगचं सेटिंग दोन्हींच्या आवाजाच्या विभागात आहे. निनावी बटणाला स्वतः नाव देण्याची सोयही दोन्हींत आहे, ती जरूर वापरा.

कुठे थांबायचं

पुढच्या गोष्टी एकट्याने करू नका.

यूएसबी हेडसेट लावूनही एनव्हीडीए, नॅरेटर आणि विंडोजचे सूर यांपैकी काहीच ऐकू येत नसेल, साउंड कार्ड साधनांच्या यादीतूनच गायब झालं असेल, आवाजासोबत संगणक अडकत किंवा आपोआप बंद होत असेल, तर हा स्क्रीन रीडरचा प्रश्न राहिलेला नाही. ड्रायव्हर किंवा हार्डवेअर बिघडलं आहे. साउंड ड्रायव्हर काढून नवा टाकताना मधल्या काळात संगणक मुका होऊ शकतो, म्हणून ते काम जाणकार माणूस शेजारी बसलेला असतानाच व्हावं. इंटरनेटवर सापडलेले रजिस्ट्रीतले बदल करू नका. संगणक कचेरीचा असेल तर तिथल्या तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय ॲडमिनिस्ट्रेटरच्या सेटिंगला हात लावू नका.

एनव्हीडीए २०२५.१ पासून दूरून मदत घेण्याची सोय आतच आहे. मदत करणाऱ्याला तुमच्या संगणकावरचं बोलणं त्याच्याच संगणकाच्या आवाजात ऐकू येतं, त्यामुळे तुमचा स्पीकर मुका असला तरी त्याचं काम चालतं. आवाज गेल्यावर जोडणी करणं कठीण असतं, म्हणून ती आधीच करून, चालवून पाहून ठेवा. जोडणीची किल्ली पूर्ण विश्वासाच्या माणसालाच द्या, कारण तिच्या जोरावर तो तुमचा अख्खा संगणक चालवू शकतो.

तंत्रज्ञ घरी आला तर काम सुरू होण्याआधी त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: स्क्रीन रीडर बंद करायचा नाही, "नको असलेले प्रोग्राम" म्हणून काहीही काढायचं नाही, आणि जाण्याआधी एक्सक्लुझिव्ह मोडची ती खूण निघालेली आहे का ते तपासायचं. काम झाल्यावर संगणक त्याच्यासमोर बंद करून चालू करा, एक गाणं लावा आणि ते चालू असताना प्लेलिस्टमध्ये बाण फिरवून पाहा. नावं ऐकू आल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.